खालच्या बाजूचे मुनवे

माझ्या शोधनिबंधात एक झाड आहे. पानाफुलांचं नाही, नुसत्या रेघांचं. डावीकडे एक खोड, उजवीकडे फुटत गेलेल्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेका केळीच्या वाडीतल्या किड्याचं नाव. कोणता किडा कोणाचा सख्खा, कोण चुलत आणि कोण नुसताच गाववाला, हे त्यात एका नजरेत दिसतं. परिसंवादात मी हे चित्र दाखवते तेव्हा लोक कौतुकाने माना डोलावतात. त्यात अगदी खाली, एका बारीक फांदीवर दोन टोकं एकमेकांना चिकटून आहेत. एक माझ्या वडिलांच्या वाडीचं, दुसरं आत्याच्या सासरच्या वाडीचं. तिथवर आले की मला लाज वाटते आणि मी पटकन पुढच्या चित्रावर जाते.

मी काय काम करते हे आमच्या नात्यात कोणाला धड सांगता येत नाही. आई सगळ्यांना म्हणते, "ती डीएनएचं करते." ऐकणारे चपापतात, कारण लोकांच्या मते डीएनए म्हणजे मूल कोणाचं ते ठरवणं, नाहीतर खुनी पकडणं. एका लग्नात एका मावशीने मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं होतं, "आपल्यातली पण येतात गं तुझ्याकडे?" मी म्हटलं, "येतात की, पण मुळांतून येतात." तिला काही कळलं नाही, आणि मलाही समजावून सांगायचा कंटाळा आला.

खरं म्हणजे मी सूत्रकृमींवर काम करते. डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्याच्या तुकड्यासारखे किडे. झाडाच्या मुळात शिरून आत बोगदे करतात आणि तिथेच पिढ्यान्पिढ्या नांदतात. केळीत शिरले की मूळ आतून काळं पडतं आणि एक दिवस चांगलं घडाने वाकलेलं झाड वाऱ्याचं निमित्त होऊन आडवं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे एकसारखेच दिसतात, म्हणून त्यांची नाती ओळखायला डीएनए लागतं. मी कॉलेजात शिकवते, बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या वाडीत जाऊन मुळं उपटते. वडील म्हणतात, एवढं शिकवून शेवटी पोरगी मातीतच आली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर आमच्या गावापासून लांब नाही, किनाऱ्याच्या रस्त्याने स्कूटरवर गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचावं इतकंच. आमच्या घराण्यात मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरच्या वाडीतले केळीचे मुनवे द्यायची रीत आहे. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू. कंदासकट काढायचं, मुळांची माती झाडायची नाही, आणि वर फडक्यात बांधून मूठभर माती वेगळी द्यायची, म्हणजे मुनव्याला परकं वाटत नाही. मुलीला वाटतं त्याचं काय करायचं, याची रीत मात्र कोणी घालून दिलेली नाही.

आत्यानेही असे मुनवे नेले आणि सासरच्या विहिरीजवळ लावले. थोड्याच वर्षांत तिथली केळ पडायला लागली. आधी तिने लावलेली, मग शेजारची, मग सगळी. त्या घरची राजेळी जातीची केळी एकेकाळी नावाजलेली होती. सोलून उन्हात वाळवून सुकेळी करायला लोक मागून न्यायचे. ती गेली, आणि आत्याला नाव पडलं: पांढऱ्या पायाची. तोंडावर कोणी भांडलं नाही. बोलता बोलता, हसता हसता, एखादा घास मध्येच काढून घ्यावा तसं ते नाव तिला ऐकवलं जायचं. आतोबा गेले तेव्हाही कोणीतरी ते बोललंच. आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुढचं ताट वाढायची. आमच्या घरात मात्र या गोष्टीची चीड होती. आजोबा गेले तरी ती चीड मागे राहिली, आणि ती वारशाने सगळ्यांत जास्त माझ्याकडे आली.

मे महिन्यात त्या घरातल्या एका पुतण्याची हळद होती. मांडवाच्या दाराला बांधायचे केळीचे खांब टेंपोतून उतरवत होते. आत्याचे थोरले दीर खुर्ची टाकून देखरेख करत बसले होते. माणूस तसा वाईट नाही. हौशी आहे, आल्यागेल्याला पोटभर खाऊ घालतो, फक्त तोंडाला दार नाही. कोणीतरी म्हणालं, "काका, वाडी असून केळ विकत आणली?"

"काय करणार? आमच्या जमिनीत केळ नाय टिकत," ते म्हणाले. "पाय लागले ना." आणि त्यांनी आत्याकडे मान वळवली. ती पाहुण्यांना सरबत देत होती. चारपाच जण हसले. आत्याही थोडी हसली, आणि तिचं ते हसणं पाहून माझं टाळकं सरकलं.

"काका," मी म्हणाले, "केळ पायाने पडत नाही, किड्याने पडते. तो किडा कुठला आणि कुणाकडून आला, ते मला शोधून काढता येतं. तो आत्याबरोबर आलेला नाही, एवढं मी तुम्हाला लिहून देते."

"खरंच देशील?"

"देईन."

"मग गणपतीत ये. सगळी जमतात. सगळ्यांसमोर वाचून दाखव." ते खूश झाले होते. त्यांना गंमत मिळाली होती. "आमी चुकलो असू तर हात जोडून माफी मागू वहिनीची. तसं आमचं काय नाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ करून उभी राहिले. एकही मूळ तपासलं नव्हतं, एक किडा पाहिला नव्हता, आणि मी निकाल देऊन मोकळी झाले होते. वर्गात हेच एखाद्या पोराने केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. आत्या सरबताचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पोरी, राहू दे गं. कशाला एवढं?" मला वाटलं, बिचारी घाबरली. मी तिला डोळ्यांनीच धीर दिला. तो धीर आठवला की अजून कानशिलं तापतात.

पावसाळ्याच्या तोंडावर मी किनाऱ्यालगतच्या वाड्या फिरले. ओळखीच्यांच्या, नात्यातल्या, जिथे जिथे केळ पडते तिथल्या. बहुतेकांचं म्हणणं, विहिरींना खारं पाणी लागलं म्हणून केळ पडते. काही ठिकाणी ते खरंही होतं. आमच्या वाडीत मी दोन जागी खणलं. विहिरीकडची बाजू काळ्या, भुसभुशीत मातीची. तिथली केळ आजोबा डोळ्यात तेल घालून सांभाळायचे. दुसरी खालची बाजू, खाडीच्या अंगाला. तिथली माती पिवळट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. खणताना एक शिंपला माझ्या बोटाला लागून रक्त आलं. खालच्या बाजूची जात आजोबांनी तरुणपणी कुठून तरी हौसेने आणली होती. ती कधीच नीट झाली नाही, सारखी पडायची. घरात कोणी कामचुकारपणा केला की आई अजूनही म्हणते, "हा बघ खालच्या बाजूचा."

आत्याच्या सासरची मुळं घेतली; विहिरीजवळ अजूनही थोडी खुरटी केळ फुटायची, फक्त टिकायची नाही. आत्याच्या मुलीकडची, म्हणजे माझ्या आत्येबहिणीच्या सासरचीही घेतली, कारण तिच्या लग्नातही मुनवे दिले होते. तिच्याकडच्या मुळांत मला तो किडा सापडलाच नाही. पुन्हा खणलं, पुन्हा नाही. तेव्हा मला तिच्या लग्नातली एक गोष्ट आठवली, पण केवळ गंमत म्हणून. द्यायचे मुनवे आत्याने विहिरीवर नेऊन बादल्या ओतून धुतले होते. मुळं कापून टाकली, कंद विळ्याने तासत तासत पार पांढरे केले, आणि फडक्यातली माती दिलीच नाही. बायका कुजबुजल्या होत्या, की पोरीला मूठभर माती द्यायला पण हिचा हात आखडला. मलाही तेव्हा आत्याचं ते वागणं विचित्र वाटलं होतं.

काम तसं साधं असतं. मुळांचे बारीक तुकडे करून जाळीवर पातळ कागदात ठेवायचे आणि खाली पाण्याची ताटली. जिवंत किडे आपोआप पाण्यात उतरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बांबूच्या बारीक काडीने एकेक किडा उचलायचा. त्याला फोडून त्याचं डीएनए घ्यायचं, त्यातला ठरावीक भाग वाढवायचा आणि तो वाचायला बाहेर पाठवायचा. परत येतात ती नुसती अक्षरं. चार अक्षरांची लांबच लांब ओळ. दोन किड्यांच्या ओळी एकाखाली एक लावायच्या आणि अक्षरं कुठं वेगळी पडतात ते पाहायचं. जितका फरक कमी तितकं नातं जवळचं. मला लागणारी रसायनं कामणच्या एका गोदामात अडकून पडली, म्हणून निकाल लांबला, आणि गणपती अगदी तोंडावर आले तेव्हा माझं झाड तयार झालं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंखा बंद होता. मी पडद्यावर झाड पाहिलं आणि पहिल्यांदा वाटलं, लेबलं चुकली. आमच्या भागातले बहुतेक सगळे किडे एका मोठ्या फांदीवर होते. आमच्या विहिरीकडच्या बाजूला सापडलेले थोडे किडेही त्यांच्यातच. पण आमच्या खालच्या बाजूचा किडा अगदी वेगळा, दूरच्या घराण्यातला. तो दुसऱ्या कोणाच्याच वाडीत नव्हता. फक्त एका वाडीत होता, आणि तिथं तो अक्षर न् अक्षर तोच होता. आत्याच्या सासरी.

मी लेबलं तपासली. उरलेल्या मुळांतून नवे किडे काढून सगळं पुन्हा केलं. तेच आलं. माझ्या मार्गदर्शक बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "सुंदर. पण एक ध्यानात ठेव. झाड नातं सांगतं, प्रवास सांगत नाही. किडा इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, हे तुला दुसरीकडून शोधावं लागेल." बुडत्याने काडी धरावी तसं ते वाक्य मी धरलं. म्हणजे त्यांच्याकडून आमच्याकडेही आला असेल. आजोबांनी व्याह्यांकडून कधीतरी रोप आणलं असेल. मला फक्त वडिलांनी 'हो' म्हणायला हवं होतं.

वडील ओट्यावर केळीच्या सोपटाच्या दोऱ्या काढत बसले होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "बाबा, आत्याच्या सासरहून आपण कधी केळीचं रोप आणलं होतं का?"

"त्यांच्याकडून? नाय बा."

"नक्की?"

"मुलीच्या घरून कोण आणतो?"

"मग आत्याला दिलेले मुनवे कुठल्या बाजूचे होते?"

त्यांचे हात थांबले. सोपट ओलं होतं, ते त्यांनी उगाच पिळलं. घरात आई मिक्सर लावत होती. मिक्सर बंद झाला.

"खालच्या," ते म्हणाले.

आजोबांनी सांगितलं होतं, पोरीला द्यायचे ते खालचे काढ, वरचे आपल्याला लावायला लागतील. तिकडची जमीन चांगली आहे, कसेही उभे राहतील. वडील तेव्हा नुकतेच शाळेतून बाहेर पडले होते. कुदळ त्यांनीच चालवली. फडक्यातली मातीही त्यांनीच भरली, हाताशी होती ती, तिथलीच. वरातीचा गोंधळ, कोण बघतंय. नंतर तिकडे केळ पडायला लागली, ताईला नाव पडलं, तेव्हा त्यांना कळून चुकलं होतं. किड्याचं नाही, पण आपण काय दिलं ते. आजोबांसमोर बोलायची छाती नव्हती, आणि आजोबा गेल्यावर बोलायला तोंड नव्हतं.

"आणि आपण इतकी वर्षं त्या लोकांना शिव्या देत बसलो," मी म्हणाले. "तुम्ही पण."

"मी कधी दिली गं?" ते म्हणाले. ते खरं होतं. आई द्यायची, मी द्यायचे. वडील उठून वाडीत जायचे. मला वाटायचं, त्यांना बहिणीचं दुःख सहन होत नाही.

"तिला सांगू नको," ते म्हणाले. "माझ्या हयातीत नको."

मी ऐकलं नाही. मला वडिलांची कीव आली नाही, राग आला. आजोबांचा तर त्याहून जास्त. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी सुकेळी खाल्ली, त्याने मुलीला टाकाऊ माल दिला आणि वर तिची बाजू घेऊन मिशीला पीळ भरला. आमच्या घराच्या त्या चिडीची मला लाज वाटू लागली. आपली म्हणून जपलेली वस्तू चोरीची निघावी, तसं झालं. पण त्या लाजेखाली एक नसतं शहाणपणही होतं. मला वाटत होतं, आत्याला खरं कळलं की ती सुटेल. पाय पांढरा नव्हता, माती वाईट होती. हे कळायचा तिला हक्क आहे, असं मी स्कूटरवर स्वतःशी मोठ्याने म्हणत गेले.

गणपती बसायच्या आदल्या दिवशीची दुपार होती. आत्या मागच्या पडवीत विळीवर नारळ खवत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये बाय. कटे होती एवढे दिस?" मी तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि लॅपटॉप उघडून तिला ते झाड दाखवलं. हा तुझा किडा, हा आमचा, म्हणून समजावलं. बाकीच्यांचा कोणाचाच असा नाही. मग आजोबांचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता, वर्गात चढतो तसा.

तिने ऐकून घेतलं. वाटीतलं खोबरं संपलं तशी दुसरी वाटी घेतली.

"खालच्या बाजूचे होते ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट समजलं नाही.

"फडकं मीच सोडलं ना," ती म्हणाली. "सत्यनारायण झाल्यावर सगळी वाडीत जमली, सुनेच्या हातचे मुनवे लावायला. सासूबाई बोलल्या, माहेरची माती तुझ्या हाताने घाल. मी मूठ उघडली तर शिंपले." तिने खोबऱ्याचा हात पदराला पुसला. "खालच्या बाजूला पानी मीच लावायची गं लग्नाआधी. पायाला टोचायचे ते शिंपले. ते मला नाय कळणार? मी मूठ मिटून घेतली आणि लगेच खड्ड्यात सोडली. कोनी बघू नये म्हणून."

"मग तू बोलली का नाहीस? एवढी वर्षं ते तुला काय काय बोलले."

"काय बोलू?" तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या बापाने मला नको ते काढून दिलं, असं बोलू? या घरात? ते मला पांढऱ्या पायाची बोलतात ना, बोलू दे. पाय माझा हाय. घर माझ्या बापाचं हाय."

माझ्या तोंडून एक फार वाईट प्रश्न निघाला, निघायला नको होता, पण निघाला. "मग तुझ्या मुलीचे मुनवे तू धुतलेस ते?"

"त्या मातीला नाव पडलेलं ना," ती म्हणाली. "ते नाव तिच्यासंगं कशाला पाठवू? माझ्यावरच मिटू दे म्हटलं."

मी लॅपटॉप बंद केला. तिने इतकी वर्षं मूठ मिटून धरली होती, आणि मी तिच्या पडवीत येऊन ती बोटं एकेक करून सोडवली होती, वर तिच्यावर उपकार करतेय अशा थाटात. मेमध्ये ती "राहू दे गं" म्हणाली होती. ती घाबरली होती हे खरं होतं. पण ती त्यांना घाबरली नव्हती, मला घाबरली होती.

"उद्या भाऊजी विचारतील," ती म्हणाली. "काय सांगशील?"

"किड्याचं सांगते फक्त. कुठून आला ते नाही सांगत."

"ते सोडतील तुला? पयलं तेच विचारतील, कुठून आला. आणि तू लिहून देते बोलली होतीस. कळलं नाय म्हण. चुकलं म्हण काहीतरी." मग जरा थांबून म्हणाली, "तुझं हसं होईल गं. जमेल ना तुला?"

तिला माझं हसं होण्याची काळजी होती. मी हो म्हणाले. नाही म्हणायला मला तोंड कुठं उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली. घर माणसांनी भरलेलं होतं. आम्ही माहेरचे म्हणून आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या. वडील थोरल्या दिरांच्या शेजारी बसले होते, नवा शर्ट घालून. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. मी आत्याकडे जाऊन आले हेही नाही. सकाळपासून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

कापूर विझायच्या आतच काका म्हणाले, "हां, मॅडम. आणला का कागद? अरे, बसा सगळी, आज निकाल हाय."

पोरंसोरं पुढे सरकली. कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. मी उभी राहिले.

"काका, नाही जमलं," मी म्हणाले. "नमुने खराब झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे पावसात मुळं कुजली. आतले किडे मेले. काही कळलं नाही."

"कायच नाय?"

"नाही."

नमुने खराब झाले हे वाक्य मी विद्यार्थ्यांना तोंडातून काढू देत नाही. आळस लपवायला वापरतात, म्हणून. ते मी भरल्या घरात म्हटलं आणि हातातली रिकामी पिशवी उगाच घडी करत राहिले.

काका हसायला लागले. हसण्यात खरंच डूख नव्हता, तो माणूस नुसता खूश होता. "एवढी मशीनं, एवढं शिक्षण, आणि काय कळलं नाय. अगं, आमाला न शिकता कळलं होतं." सगळे हसले. एक पोरगी म्हणाली, "ताई, फेल?" आणि पुन्हा हसू फुटलं. सगळ्यांत वाईट म्हणजे, आत्यासाठी खोटं बोलताना मला मोठं काही केल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मला फक्त माझं हसं झाल्याचं लागलं. डिग्रीचं लागलं. त्या क्षणी आतून एक आवाज उठला की सांगून टाक, सगळं आहे तुझ्याकडे, अक्षर न् अक्षर. तो आवाज न्यायाचा नव्हता, माझ्या नाकाचा होता.

तेवढ्यात वडिलांची खुर्ची सरकली. ते उठून उभे राहिले होते. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा छातीशी, शपथ घ्यावी तसा.

"भाऊसाहेब," ते दिरांना म्हणाले, "मला एक सांगायचं हाय. ते मुनवे—"

आत्या मोदकांचं ताट घेऊन दारात आली होती. माणसांतून वाट काढत ती सरळ त्यांच्यापुढे आली, ताट एका हातावर पेललं आणि दुसऱ्या हाताने एक मोदक त्यांच्या तोंडाशी नेला. "भाऊ," ती म्हणाली, "आधी तोंड गोड कर. गरम हाय. माहेरच्या मानसाने उपाशी बोलायचं नाय या घरात."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मला दिसलं, तिला सगळं ठाऊक आहे हे त्यांना तेव्हा कळलं, आणि इतकी वर्षं ठाऊक होतं हेही. त्यांचं तोंड उघडंच होतं. तिने मोदक आत सारला आणि तो पडू नये म्हणून तळहात त्यांच्या हनुवटीखाली धरला. काका म्हणाले, "वा, भावाबहिणीचं प्रेम बघा." लोकांनी फोटो काढले.

वडील खाली बसले. ते बराच वेळ चावत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा शेजारचं कोणीतरी म्हणालं, गरम लागला वाटतं, पाणी द्या त्यांना.

मग ताट माझ्यापुढे आलं. आत्याने माझ्या पानावर एक मोदक ठेवला, त्यावर तूप सोडलं, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाय, चांगलं केलंस." मी खाल्ला. तिने दुसरा वाढला, तोही खाल्ला.